अंडी मागायची कोणत्या इंग्रजीत?

इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. थेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्याला थांबले. त्यांतल्या एकाने एका घरी 'एग्ज' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा कुणी म्हणाला, 'आयरेन' हवीत; तेव्हा कुठे तिला कळलं की यांना अंडी हवी आहेत. दोघंही बोलत होते इंग्रजीच. आता छापायचं तरी कोणतं, असा कॅक्स्टनला प्रश्न पडला. पुढे 'एग' टिकला, 'आयरेन' विसरला गेला. गंमत अशी, की 'आयरेन' हाच जुना घरचा शब्द. 'एग' हा नॉर्स लोकांबरोबर आलेला पाहुणा. म्हणजे प्रमाण ठरलेलं रूप अधिक शुद्ध असतं, या समजुतीला मुळातच आधार नाही. व्यापार, छापखाना आणि राजदरबार ज्याच्या मागे उभे राहतात, ते रूप प्रमाण होतं.

हे लक्षात घेतलं की ब्रिटिश, अमेरिकन की भारतीय इंग्रजी खरी, हा वाद निराळा दिसू लागतो. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरचा मोठा शब्दकोश १८२८ मध्ये निघाला, तेव्हापासून लेखनाचे दोन नमुने शेजारी-शेजारी नांदत आहेत. 'कलर'मध्ये 'यू' असो वा नसो, वाचणाऱ्याचं अडत नाही. बोलण्यात तर एक नमुना कधीच नव्हता. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्सने १९१७ च्या उच्चारकोशात नमुना म्हणून घेतला तो दक्षिण इंग्लंडमधल्या, ज्यांतले पुरुष निवासी पब्लिक स्कूलांत शिकले अशा कुटुंबांचा उच्चार. खुद्द इंग्लंडमध्येही तसं बोलणारे थोडेच होते.

मग काहीही चालेल का? नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन विमानं आदळून ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओत खरखर होती. पण डच वैमानिकाचं 'वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ' हे वाक्यही एक कारण ठरलं. विमान उड्डाणासाठी उभं आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. त्यानंतर 'टेक-ऑफ' शब्द कधी उच्चारायचा याचे कडक नियम झाले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ पासून इंग्रजीची किमान पातळी लागू केली, तेव्हा लंडन किंवा न्यूयॉर्कचा उच्चार मागितला नाही. उच्चार या क्षेत्रातल्या सर्वांना समजेल असा हवा, एवढीच अट ठेवली, आणि ती जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांनाही आहे. जिथे जीव पणाला लागतो तिथेही कसोटी ठरली ती सुबोधतेची.

यावर गंभीर आक्षेप आहे. १९९० च्या सुमारास रँडॉल्फ क्वर्क या ब्रिटिश भाषापंडिताने बजावलं, की प्रमाण इंग्रजी न शिकवणं म्हणजे विद्यार्थ्याची संधी हिरावणं. काश्मिरात जन्मलेले भाषापंडित ब्रज कचरू यांनी उलट विचारलं, की जिथे इंग्रजी पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे, तिथल्या लोकांचा तिच्यावर हक्क नाही का? क्वर्क यांची काळजी रास्त आहे, म्हणून लेखनातलं सामायिक व्याकरण आणि स्पेलिंग प्रत्येक मुलाला नीट शिकवलंच पाहिजे. पण त्यासाठी त्याच्या उच्चाराला हसण्याची गरज नाही. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसून आपण किती जणांची वाचा बसवली, हे मराठी समाजाला ठाऊक आहे. दुसरी भीती अशी, की इंग्रजी लॅटिनसारखी वेगवेगळ्या भाषांत फुटेल. लॅटिन फुटली ती रोमन साम्राज्य मोडून माणसांचं दळणवळण आटल्यावर. आज ते वाढतं आहे. 'प्रीपोन' हा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात गेला, तो याच ओघात.

म्हणून इंग्रजीला एका देशाची मालकी नको, समजण्या-समजावण्याची जबाबदारी हवी, आणि ती बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही. त्या किनाऱ्यावर बाई चुकली नव्हती, पहिला व्यापारीही नाही. पण अंड्यांची बोलणी पुढे सरकली ती तिच्या ओळखीचा शब्द वापरणाऱ्या दुसऱ्या माणसामुळे.