फेऱ्या मारून दम येत नाही

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या गल्लीत अंडाकृती चेंडू घेऊन निघाले की एखादे आजोबा हमखास विचारतात, "हे काय नवीन काढलं, मॅडम?" रग्बी आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. नागपूरच्या पोरांपर्यंत तो उशिरा आला, एवढंच. मी स्वतः खो-खोत वाढले, शाळेत पी.टी. शिकवली आणि आता मुला-मुलींना रग्बी शिकवते. पालकांचा प्रश्न मात्र खेळ कोणताही असो, तोच असतो: "पोराला लवकर धाप लागते. रोज ग्राउंडला दहा चक्कर मारायला लावू का?"

नका लावू. का, ते सांगते.

शाळकरी मुलं बहुधा सात जणांचं रग्बी खेळतात. 2016च्या रिओपासून ऑलिंपिकमध्येही हाच प्रकार आहे. 7 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 2 मिनिटांची विश्रांती. "चौदाच मिनिटं?" असं म्हणून पालक हसतात. पण मैदान पंधरा जणांच्या खेळाएवढंच, साधारण 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद असतं. ते सांभाळायला सातच जण. शिवाय स्पर्धेत एकाच दिवशी दोन-तीन सामने होतात. खेळाडू सुसाट धावतो, टॅकल करतो म्हणजे समोरच्याला पकडून पाडतो, जमिनीवर आदळतो, उठतो, चार पावलं चालतो आणि पुन्हा सुसाट सुटतो. एका लयीत धावण्याची वेळ त्याच्यावर फारशी येतच नाही.

सुसाट धावण्यासाठी स्नायूंमध्ये तयार ऊर्जेचा एक छोटा साठा असतो. गच्चीवरच्या टाकीसारखा तो आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो आणि पूर्ण भरायला तीनेक मिनिटं लागतात. भरण्याचं काम करतो श्वासातून येणारा प्राणवायू. म्हणून रग्बीत दोन गोष्टी लागतात: प्राणवायू भराभर पोचवणारं हृदय आणि फुफ्फुसं, आणि साठा पुरता भरलेला नसतानाही पुन्हा पळण्याची सवय. नुसत्या चकरांनी पहिली गोष्ट थोडीफार साधते. दुसरी मुळीच नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. आमची तयारी तेव्हापासून. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदा 20-25 मिनिटं हळू धावणं. किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पोट्टे नाक मुरडतात, "मॅडम, हे तं म्हाताऱ्यांचं धावणं होऊन राह्यलं!" होऊ दे. पाया असाच भरतो.

मग शटल. 20 मीटरवर जाऊन परत, 40 वर जाऊन परत, 60 वर जाऊन परत. हे झाले 240 मीटर. असं न थांबता पाच वेळा केलं की 1200 मीटर होतात. रग्बीच्या जगात याला ब्रॉन्को चाचणी म्हणतात. न्यूझीलंडच्या ब्यूडेन बॅरेटने ती 4 मिनिटं 12 सेकंदांत पूर्ण केली होती. आमच्याकडे खुणेला चपला ठेवतो आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहितो. तुलना ज्याची त्याच्याशीच. ही चाचणी महिन्यातून एकदा पुरे, रोज घ्यायची नाही.

रोजच्या सरावात मला खो-खो कामी येतो. उठायचं, धावायचं, वळायचं, खो द्यायचा, बसायचं आणि पुन्हा उठायचं. रग्बीला हवा तो दम यात आयता आहे. चार विरुद्ध चार असा छोट्या मैदानावरचा टच रग्बीही (टॅकलऐवजी नुसता स्पर्श) तेच करतो, आणि पोरांना व्यायाम केल्यासारखं वाटत नाही. ताकदीसाठी आखाड्यातले जोर, बैठका आणि सपाटे. वाढत्या वयात तंत्र घोटवून न घेता जड वजनं उचलायला लावू नयेत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमच्या बाजूचे रस्ते मोर्च्यांनी भरतात. तेव्हा आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ गाठतो: वर पळत, खाली चालत.

या मेहनतीचा उपयोग शेवटच्या मिनिटांत कळतो. जून 2019मध्ये मनिलात भारताच्या मुलींनी सिंगापूरला 21-19 असं हरवलं. पंधरा जणींच्या खेळातला भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. 80 मिनिटांच्या सामन्यात अगदी शेवटी ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी मारली आणि निकाल फिरला. पाय थरथरत असते तर ती किक बसली नसती.

आता नागपूरचं ऊन. मे महिन्यात इथे पारा 45च्या पुढे जातो. उन्हाळ्यात सराव सूर्य वर यायच्या आत आटोपावा, आणि शरीराला सवय व्हायला आठ-दहा दिवस देऊन तो हळूहळू वाढवावा. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. अर्धा किलो कमी भरलं तर अर्धा लिटरहून थोडं जास्त पाणी प्यायला हवं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं उत्तम. पोरगं अडखळत चालायला लागलं किंवा असंबद्ध बोलायला लागलं तर सराव तिथेच थांबवा, सावलीत घ्या, अंगावर थंड पाणी ओता आणि दवाखान्यात न्या. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका, पोरगं कितीही म्हणो.

खायला महागडे डबे लागत नाहीत. सरावाआधी केळं, नंतर वरण-भात, उसळ किंवा उकडलेली अंडी, खिशात गूळ-फुटाणे. नियमित सराव करूनही एखाद्या मुलीचा दम वाढत नसेल तर तिला आळशी म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासा. बारा वर्षांवरच्या मुलीत ते 12च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड किंवा नडगी दुखत असेल तर धावणं कमी करा. भराभर उंची वाढण्याच्या काळात हे दुखणं बरंच दिसतं.

शेवटचं सांगणं पालकांना. किशोरवयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. पहाटे पाचला मैदानावर आणि रात्री दहापर्यंत ट्यूशनला, असं पोरगं कोणत्याही प्रशिक्षकाला घडवता येणार नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा आणि रात्रीची एखादी शिकवणी कमी करा. बाकीचं मैदानावर आम्ही पाहून घेऊ.