घरगुती हायड्रोपोनिक्समधील पात्राचा आकार

मातीचा वापर न करता, पाण्यात विरघळवलेल्या पोषक द्रव्यांवर वनस्पती वाढवण्याच्या पद्धतीस हायड्रोपोनिक्स किंवा जलसंवर्धन म्हणतात. या पद्धतीत रोपाची मुळे आणि त्यांना लागणारे पोषक द्रावण ज्यात राहते ते पात्र किती मोठे असावे, हा घरगुती बागेच्या मांडणीतील पहिला निर्णय असतो. पात्राची धारणक्षमता ही प्रामुख्याने मुळांच्या पसाऱ्यावर अवलंबून नसते. रोप दररोज किती पाणी शोषते आणि ते पाणी किती दिवसांनी पुन्हा भरले जाणार आहे, यांवर ती ठरते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी १९३७ साली ‘हायड्रोपोनिक्स’ ही संज्ञा रूढ केली. त्यांच्या प्रयोगांत द्रावणाच्या हौदांवर तारेची जाळी व तिच्यावर भुशासारख्या पदार्थांचा थर असे. इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी द्रावणाचा पातळ प्रवाह उतरत्या पन्हळीतून सोडण्याची पद्धत विकसित केली. पुढे हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांनी पंप व वीज न लागणारी स्थिर द्रावणाची पद्धत मांडली. या पद्धतींमध्ये पात्राचे कार्य वेगवेगळे असल्यामुळे त्यांच्या आकाराचे नियमही भिन्न आहेत.

माती आणि पाणी यांतील फरक

मातीत वाढणारे रोप पाणी व क्षार यांच्या शोधात मुळे दूरवर पसरवते. म्हणून मातीच्या कुंडीचा आकार मुळांच्या वाढीनुसार निवडतात. हायड्रोपोनिक्समध्ये पोषण मुळांपर्यंत आणून दिलेले असते, त्यामुळे थोड्या जागेतही मुळे पुरेशी वाढू शकतात. मात्र मातीत क्षार धरून ठेवण्याची व बदल सौम्य करण्याची जी शक्ती असते, ती निव्वळ पाण्यात नसते. हे काम द्रावणाच्या साठ्यालाच करावे लागते.

एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होते. द्रावणाची विद्युत वाहकता २ डेसीसायमन प्रति मीटर असून रोपाने उन्हाच्या दिवशी १ लिटर पाणी घेतले आणि क्षार जवळजवळ तसेच मागे राहिले, असे समजू. ४ लिटरच्या पात्रात उरलेल्या ३ लिटर द्रावणाची वाहकता सुमारे २.७ पर्यंत चढेल. हीच घट २० लिटरच्या बादलीत झाली, तर वाहकता जेमतेम २.१ होईल. पालेभाज्यांची कोवळी मुळे पहिल्या स्थितीत करपू शकतात. दुसऱ्या स्थितीतील बदल रोपाला जाणवतही नाही. द्रावणाच्या सामूची गोष्टही अशीच आहे. तो साधारणपणे ५.५ ते ६.५ या दरम्यान राखावा लागतो आणि लहान पात्रात तो लवकर ढळतो.

तापमान व प्राणवायू

लहान पात्रातील पाणी लवकर तापते. पाण्याचे तापमान वाढले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.६ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. याच वेळी मुळांची श्वसनक्रिया वाढून त्यांची प्राणवायूची गरजही वाढते. परिणामी मूळकुज होण्याचा संभव असतो. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात म्हणूनच मोठे, फिकट रंगाचे आणि सावलीत ठेवलेले पात्र उपयुक्त ठरते.

पद्धतीनुसार निवड

स्थिर द्रावण पद्धत : क्रॅटकी यांच्या पद्धतीत रोपाच्या संपूर्ण आयुष्यास पुरेल एवढे द्रावण आरंभीच भरले जाते. लेट्यूसच्या एका रोपास सुमारे ४ लिटर द्रावण लागते. पाण्याची पातळी उतरत जाते तशी वरच्या दमट पोकळीत हवेतील प्राणवायू घेणारी मुळे तयार होतात. पात्र लहान निवडल्यास मध्येच भर घालावी लागते. ती पूर्वीच्या पातळीपर्यंत घातली गेली, तर ही मुळे बुडून रोप दगावते. म्हणून भर घालताना वरची पोकळी राखणे आवश्यक असते.

खोल पाण्याची पद्धत : यात मुळे द्रावणात बुडालेली असतात आणि मत्स्यालयासाठी वापरतात तशा हवेच्या पंपाने प्राणवायू पुरवला जातो. टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी यांसारख्या फळभाज्यांच्या एका रोपास सुमारे २० लिटरची बादली वापरतात.

पातळ प्रवाहाची पद्धत : पन्हळीत पाण्याचा केवळ पातळ थर असतो, खरा साठा खालच्या टाकीत असतो. वीज गेल्यास मुळे काही तासांत सुकू लागतात. जेथे भारनियमन होते, तेथे ही पद्धत घरगुती बागेस गैरसोयीची ठरते.

माध्यमयुक्त कुंडी : कोकोपीट किंवा परलाइट भरलेल्या कुंडीत टोमॅटोसाठी ८ ते १० लिटर माध्यम पुरते. कुंडीच्या तळाशी राहणाऱ्या ओल्या थराची उंची माध्यमाच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. त्यामुळे उथळ कुंडीचा मोठा भाग सतत ओला राहतो. सारख्याच धारणक्षमतेच्या दोन कुंड्यांपैकी उंच कुंडीत मुळांना हवा अधिक मिळते.

आकाराचा हिशेब

रोपांची संख्या, एका रोपाची दररोजची पाण्याची गरज आणि दोन भरण्यांमधील दिवस यांचा गुणाकार केला असता या काळात खर्च होणारे पाणी समजते. साठा निम्म्याहून कमी होऊ नये यासाठी ही संख्या दुप्पट धरावी. पूर्ण वाढलेले टोमॅटोचे रोप उन्हाच्या दिवसांत रोज २ ते ३ लिटर पाणी घेते. अशी दोन रोपे असून चार दिवसांनी पाणी भरायचे असेल, तर रोज ३ लिटर या दराने २४ लिटर पाणी खर्च होईल आणि किमान ४८ लिटरचा साठा लागेल. हिशेब रोप लहान असतानाच्या गरजेवरून न करता पूर्ण वाढीच्या काळातील गरजेवरून करावा लागतो.

पालेभाज्यांसाठी दोन रोपांमधील अंतरही पाहावे लागते. लेट्यूसची रोपे एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर लावल्यास ६० × ४० सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये सहा रोपे बसतात. त्यात १५ सेंटिमीटर खोल पाणी भरल्यास ३६ लिटर साठा होतो, म्हणजे प्रत्येक रोपाच्या वाट्यास ६ लिटर द्रावण येते.

मोठ्या पात्राच्या मर्यादा

पात्र जितके मोठे तितके चांगले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. १ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम असते. ३० सेंटिमीटर खोल पाण्याचा भार प्रति चौरस मीटर ३०० किलोग्रॅम होतो. भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २, १९८७) नुसार निवासी इमारतीच्या सज्जासाठी गृहीत धरलेला भार प्रति चौरस मीटर ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोग्रॅमच आहे. त्याच सज्जात माणसेही वावरतात, शिवाय जुन्या इमारतींचे सज्जे गंजलेल्या सळयांमुळे दुबळे झालेले असू शकतात. म्हणून सज्जात पाण्याची खोली १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवणे, पात्र भिंतीलगत ठेवणे आणि एका मोठ्या टाकीऐवजी अनेक लहान पात्रे विखरून मांडणे अधिक सुरक्षित असते. द्रावण बदलताना मोठ्या पात्रातील पोषक द्रव्येही अधिक खर्ची पडतात.

पात्र अपारदर्शक असावे, अन्यथा प्रकाशामुळे द्रावणात शेवाळ वाढते. पारदर्शक बाटलीस बाहेरून गडद रंग व त्यावर पांढरा रंग दिल्यास प्रकाश अडतो आणि उष्णताही परावर्तित होते. झाकण घट्ट बसणारे असावे आणि प्रत्येक छिद्र रोपाच्या जाळीदार कुंडीने पूर्ण भरलेले असावे. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण ७ ते १० दिवसांत होते. उघडे राहिलेले स्थिर पाणी त्यास पुरेसे असते. उघड्यावरील पात्रास पावसाळ्यासाठी वरच्या बाजूस जादा पाणी वाहून जाण्याचे छिद्र ठेवतात आणि त्यावर बारीक जाळी बसवतात.