विदूषकाच्या तोंडची बोली

बालाघाट जिल्ह्यातील लांजी हे तालुक्याचे गाव तीन राज्यांच्या सांध्यावर वसलेले आहे. पुरातन किल्ला आणि कोटेश्वराचे मंदिर ह्यांमुळे ते जाणकारांना ठाऊक असते. नाट्यरसिकांचे गाव म्हणून त्याचा उल्लेख सहसा होत नाही. नैर्ऋत्येस आमगाव आणि दक्षिणेस सालेकसा, म्हणजे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा, पूर्वेस छत्तीसगड. 1956 सालच्या 1 नोव्हेंबरपर्यंत लांजी, भंडारा आणि नागपूर एकाच प्रांतात होती. त्या दिवशी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळेची व कचेरीची भाषा वेगळी झाली. मंडईची आणि नाटकाची वाट मात्र जुनीच राहिली. पोवारी, लोधी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगडी आणि हिंदी ह्यांच्या मेळ्यात वाढलेल्या येथील माणसाला एका रात्री कोणत्या भाषेत हसावयाचे, हा प्रश्न पडत नाही. आम्हां शिक्षकांना तो पडावयास हवा, आणि त्याच्याच विचारासाठी हा लेख आहे.

ह्या मुलखातील नाट्यप्रेमाचे वर्ष धानाच्या कापणीबरोबर सुरू होते. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री नाटक, असा तिचा थाट असतो. दंडारीत मुलगे स्त्रीवेष घेऊन नाचतात. खडी गंमत नावाप्रमाणे उभ्याने सादर होते. शाहीर, नाच्या व गमत्या ह्यांच्यावर तिचा सारा भार. रात्रीचे नाटक वेगळे. ते पडद्यांचे, नेपथ्याचे आणि गाण्यांचे असून साधारणतः रात्री दहाच्या सुमारास उभे राहते व पहाटेपर्यंत चालते. नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथे आहे. गावाची मंडळे तेथे जाऊन प्रयोग ठरवितात, मंडप घालतात आणि तिकिटे विकतात. नाटक ठरले की घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. ज्या गावात शंकरपट असे तेथे दिवसा बैल आणि रात्री नट अशी दुहेरी पर्वणी असे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली, तेव्हा नाटकांचा एक मोठा आधार गेला. डिसेंबर 2021 मध्ये ती परवानगी महाराष्ट्रापुरती परत मिळाली व 2023 साली कायम झाली.

शहरातून आलेल्या पाहुण्याला ही रात्र फार लांब, फार गोंगाटाची आणि कथानकाच्या दृष्टीने सैल वाटते. हे तीनही आक्षेप खरे आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गंभीर प्रवेश ऐन रंगात येतो, तोच नृत्य सुरू होते. परंतु तेथील जाणता प्रेक्षक प्रयोग कसा पाहतो ते लक्षात घेतले पाहिजे. तो चादर अंथरून बसतो, मधल्या प्रवेशात लहान मुलाला निजवितो, आणि विनोदी नटाचा प्रवेश येताच जागा होतो. हा नट संहितेत लिहिलेले बोलतोच. पण गावच्या रस्त्याचे, निवडणुकीचे, धानाच्या भावाचे काही ना काही त्यात तेथल्या तेथे भरतो. मंडपाने टाळी दिली तर तोच धागा आणखी लांबवितो, न दिली तर झटकन सोडतो. ही बेरीज-वजाबाकी पाहणे, हाच ह्या रंगभूमीचा खरा आस्वाद. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे ह्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तीही अशाच विनोदी भूमिकांनी घडलेल्या कारकिर्दीबद्दल. झाडीपट्टीचे दादा कोंडके हे त्यांना लोकांनीच दिलेले नाव आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. नाटकातील नायक, नायिका, वडील, पाटील, वकील ही सारी मंडळी बहुधा ग्रंथातील मराठी बोलतात. झाडीबोली येते ती प्रामुख्याने विनोदी पात्राच्या तोंडी. ह्या बोलीत ‘ण’ नाही व ‘ळ’ नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचे पानी. झाडीबोलीचे आणि तेथील लोकरंगभूमीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ती स्वतंत्र व नियमबद्ध बोली असल्याचे दाखवून दिले आहे. तरीही मंडपात ‘डोरा’ हा शब्द उच्चारला की हशा पिकतो. हसणारे बहुसंख्य लोक घरी तोच शब्द बोलतात! त्या हसण्यात जिव्हाळा आहे, ह्यात शंका नाही. रात्रभर परक्या भारदस्त भाषेत रडून झाल्यावर एकदाचा घरचा माणूस भेटल्याचा आनंद त्यात असतो. पण त्याच मंडपात बसलेल्या लेकराच्या मनावर आणखी एक गोष्ट ठसते: आपल्या बोलीत विनोद होतो, दुःख होत नाही, प्रेम करावयाचे, न्याय मागावयाचा तर दुसरी भाषा हवी. शाळेत झाडीबोली बोलणारे मूल गप्प का बसते, ह्याचे एक कारण ह्या हशातही शोधावे लागेल.

ही व्यवस्था नवी नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले आणि त्याचा विदूषक, ब्राह्मण असूनही, प्राकृत. हास्याची कारणे सांगताना भरताने विकृत वेष, विपरीत अलंकार, असंबद्ध बडबड अशी यादी दिली आहे. त्यात विकृत भाषणही येते. मात्र एखाद्या प्रदेशाची बोली म्हणजे विकृत भाषण, हा निर्णय भरताचा नसून आपला आहे. स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याने हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या. त्यांपैकी आपण नेमके कोणत्या पायरीवर उभे राहून बोलीला हसतो, हे प्रत्येकाने स्वतःशीच तपासून पाहावे.

लांजीच्या पूर्वेस निराळा अनुभव येतो. छत्तीसगडच्या नाचात परी आणि जोक्कड ही ठरलेली पात्रे असली, तरी सर्वांची भाषा एकच, छत्तीसगडी. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ दुलारसिंह, म्हणजे मंदराजी, ह्यांनी ह्या कलेला मंडळीचे रूप दिले. त्याच नाचातील नट हबीब तन्वीर ह्यांनी आपल्या नाटकांत घेतले. प्रारंभी ते त्यांच्याकडून हिंदी बोलवीत आणि गावच्या मैदानावर तळपणारे हे नट शहरी मंचावर अवघडून जात. ह्यात चूक नटांची नसून भाषेची आहे, हे तन्वीरांना काही वर्षांनी उमगले व त्यांनी ते पुढे मोकळेपणाने सांगितलेही. 1973 सालच्या रायपूरच्या कार्यशाळेनंतर छत्तीसगडी हीच त्यांच्या रंगभूमीची भाषा झाली. 1975 साली ‘चरणदास चोर’ आले, त्याच वर्षी श्याम बेनेगल ह्यांनी त्याचा चित्रपट केला, आणि 1982 साली एडिंबरोच्या महोत्सवात ह्या नाटकाचा गौरव झाला. त्यातील चोर हसवितो आणि शेवटी सत्यासाठी मरतो. दोन्ही एकाच बोलीत.

मराठी चित्रपटात 1971 च्या ‘सोंगाड्या’ने ग्रामीण बोलीच्या भोळ्या विनोदवीराला नायक केले, हे खरे, पण तेथेही बोलीचे मुख्य काम हसविण्याचेच राहिले. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांवर तृषांत इंगळे ह्यांनी काढलेला ‘झॉलीवूड’ हा चित्रपट 2022 साली आला. ज्यांना मंडपात जाणे शक्य नाही त्यांनी तो अवश्य पाहावा.

आणखी एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणून जे गाव ओळखले, ते आमगावजवळचे पदमपूर. लांजीहून बैलगाडीच्या टप्प्यातले. ह्या कवीच्या तीनही नाटकांत विदूषक नाही. समकालीनांनी आपली उपेक्षा केली तरी केव्हा तरी, कोठे तरी समानधर्मा उपजेल, कारण काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल, असे त्याने म्हणून ठेवले. भवभूती हसविण्यात रमला नाही, म्हणून काही पंडित त्याला दोष देतात. मला दुसरेच काही लक्षणीय वाटते. विदूषक गेला म्हणून प्राकृत गेले नाही. ‘उत्तररामचरिता’त राम संस्कृतात बोलतो आणि सीता प्राकृतात. वनात टाकलेली, अदृश्य होऊन पतीचा विलाप ऐकणारी ती सीता शौरसेनीत बोलते, तेव्हा तिच्या भाषेला कोणी हसत नाही.

येत्या मंडईत वाघ नदीच्या अलीकडे वा पलीकडे नाटक पाहण्याचा योग आला, तर आपल्या विद्यार्थ्यांना सोबत न्यावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एवढेच विचारावे: कोणते पात्र कोणत्या भाषेत बोलले, आणि त्यातले रडले कोण? उत्तरे त्यांनी घरच्या बोलीत दिली तरी चालतील. फळ्यावर ती तशीच लिहावीत.