पाण्याचा हिशेब आणि माणसांचा

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला पाचव्या लेण्यापाशी पाण्याचं एक टाकं आहे. त्यावरच्या ब्राह्मी लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. टाकं दान दिलं ते अमात्य शतेरकानं. सातवाहन आणि क्षत्रप या एकमेकांशी लढणाऱ्या घराण्यांत सोयरीक झाली होती, याचा मोठा पुरावा असा एका टाक्यावर टिकला. कल्याणच्या सोनारानंही इथे पोढी, म्हणजे टाकं, दिल्याची नोंद आहे. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांवर केलेलं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९९१ साली ग्रंथरूपानं छापलं, म्हणून ही माणसं आज आपल्याला नावानिशी भेटतात.

कान्हेरीचा डोंगर ज्वालामुखीजन्य ब्रेशिया खडकाचा. माथ्यावरचं पावसाचं पाणी खोदीव पन्हळींतून टाक्यांत उतरवलेलं. हा खडक पाणी कसं धरतो, हे भूशास्त्रज्ञ सांगेल. ते टाकं कुणी कुणासाठी दिलं, हे शिलालेख वाचणारा सांगेल. दोघांचं ऐकल्यावरच कान्हेरीचं पाणी समजतं. आजच्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे, असं मला ठामपणे वाटतं.

धरणाशेजारचा टँकर

कान्हेरीच्या याच जंगलात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे मुंबईचे जुने तलाव आहेत. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. त्यात तुळशीचा वाटा अवघा १८ दशलक्ष लिटरांच्या आसपास. मुंबईचा खरा भार भातसा, तानसा आणि वैतरणेवरच्या धरणांवर. त्या धरणांच्या शहापूर-मोखाड्याच्या पट्ट्यात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

या पट्ट्यात पवईच्या आयआयटीतल्या 'सितारा'नं केलेलं काम नीट पाहण्यासारखं आहे. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं हे केंद्र १९८५ पासूनचं. प्रा. मिलिंद सोहोनी, प्रा. ओम दामाणी आणि त्यांचे विद्यार्थी कर्जत, शहापूर, मोखाड्यातल्या गावांत गेले. नळयोजना कागदावर पूर्ण आणि नळ कोरडा, असं का होतं, याचा त्यांनी जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यातून 'जलतंत्र' ही संगणकप्रणालीही तयार झाली. गावांची उंची, अंतर आणि पाण्याची मागणी भरली, की कुठे किती व्यासाचा पाइप टाकल्यास खर्च सर्वांत कमी येईल, हे ती काढून देते.

पण मागणीचा आकडा येतो कुठून? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर, विहिरींनी तळ गाठलेला असताना, परत येतात. हिवाळ्यात शिरगणती करणाऱ्याला पाडा निम्मा रिकामा दिसेल आणि पाइपही त्याच हिशेबानं पडेल. वीजबिल कोण भरतं, टाकीजवळची घरं आधी किती भरून घेतात, गुरं कुठे पाजतात, हे सगळं पाइपच्या व्यासाइतकंच निर्णायक आहे. ते गावात राहून आणि हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारूनच कळतं.

वाटा आधी, बांध नंतर

तंत्र आणि माणसं एकत्र पाहण्याची ही वाट महाराष्ट्रात नवी नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर १९८०च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. मुक्ती संघर्ष चळवळ, भारत पाटणकर, दुष्काळाचा अभ्यास करणारे लोकविज्ञानाचे कार्यकर्ते आणि अभियंते के. आर. दाते यांनी गावकऱ्यांबरोबर ते उभारलं. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा मिळावा, हे तत्त्व तिथे बांधणीइतकंच महत्त्वाचं होतं.

शहरात अशी सांगड अजून क्वचितच दिसते. निखिल आनंद या मानववंशशास्त्रज्ञानं जोगेश्वरीच्या वस्त्यांत संशोधन करून मुंबईच्या पाण्यावर लिहिलेला ग्रंथ २०१७ साली आला. व्हॉल्व्ह फिरवणारे चावीवाले, प्लंबर, नगरसेवक, अभियंते यांच्या रोजच्या व्यवहारातून नळाला प्रेशर कसं येतं, हे त्यात तपशिलानं मांडलं आहे. गळती नक्की किती, हे खुद्द अभियंत्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही त्यातून दिसतं. असं ज्ञान पाणी खात्याच्या नकाशावर चढायला हवं.

दहिसर नदी हीच प्रयोगशाळा

बोरीवलीत अशी सुरुवात करता येईल. दहिसर नदी तुळशीच्या परिसरातून निघून जंगल, आदिवासी पाडे, तबेले, वस्त्या, सोसायट्या ओलांडत मनोरीच्या खाडीला मिळते. अंतर सुमारे १२ किलोमीटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर माधवराव चितळे समितीनं मुंबईच्या पुराचा अभ्यास केला, नद्यांचं रुंदीकरण झालं, काठाला भिंती आल्या. भिंत किती उंच हवी, हे जलशास्त्राचं गणित सांगतं. तबेल्याचं शेण कुठे न्यायचं, गटाराची जोडणी नसलेल्या घरानं सांडपाणी कुठे सोडायचं, रुंदीकरणासाठी हलवलेल्या कुटुंबाची रोजी किती लांब जाते, हे प्रश्न सुटले नाहीत तर भिंतीमागून घाणच वाहील.

म्हणून पवईचे जलशास्त्रज्ञ, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतले संशोधक, बोरीवलीतली महाविद्यालयं आणि पालिकेचे विभाग यांनी या नदीचं एकच सर्वेक्षण करावं. पाण्याचा नमुना घेणारा आणि घरोघर बोलणारा एकाच पथकात असावा, आराखडा आखण्याआधी असावा, आणि दोघांच्या नोंदी एकाच नकाशावर याव्यात. समाजशास्त्रज्ञाला आराखडा ठरल्यावर जनजागृतीपुरतं बोलावणं थांबलं पाहिजे. इतक्या लहान नदीवर हे जमलं, तर मिठी, पोईसर आणि ओशिवऱ्यासाठी मुंबईच्या हाती स्वतःची पद्धत असेल.