जीपचं हूड आटलंय? नवीन विकण्याआधी ही तीन मापं घ्या

सीट कव्हर आणि हूडचं दुकान टाकायचं ठरवलेले बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात, "सर, जास्त पैसा कशात आहे?" आज मी तुम्हाला असं काम सांगणार आहे, ज्याला बहुतेक कारागीर कटकट म्हणतात आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात पाठवून देतात. ते काम म्हणजे जुन्या जीपचं किंवा थारचं आटलेलं हूड परत बसवून देणं.

आपल्या बीड जिल्ह्यात हे काम का येतं, ते आधी समजून घ्या. पाऊस संपला की जीपवाले हूड काढतात. पुढे लग्नसराई असते, वरात असते, मिरवणूक असते, निवडणूक असली तर प्रचार असतो. उघडी जीप सगळ्यांना हवी असते. काढलेलं हूड घडी करून कुठं जातं? गोठ्याच्या पत्र्यावर, नाहीतर कडब्याच्या गंजीशेजारी. तिथं ते सहा-सात महिने पडतं. मार्च ते मे आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. मग ७ जूनच्या आसपास मृग निघतो, आभाळ भरून येतं आणि मालकाला हूडची आठवण होते. काढून बघतो तर पुढून बसवलं की मागून दोन बोटं कमी, मागून बसवलं की पुढून कमी. टिच बटण लागत नाही, चेन मिटत नाही. तो गाडी घेऊन तुमच्या दारात येतो आणि म्हणतो, "भाऊ, जरा बसवून द्या ना."

या "जरा" शब्दात तुमचा धंदा आहे आणि तुमचा धोकाही आहे. ओढून बसवायला गेलात आणि हूड तुमच्या हातात फाटलं, तर भरपाई कोण देणार? आणि न बघताच "नवीन घ्या" म्हणालात, तर त्याच्या खिशाला विनाकारण चाट बसेल आणि तो परत येणार नाही. म्हणून माझं सूत्र सरळ आहे: आधी मोजा, मग तापवा, आणि पैशाचं बोलणं गाडीला हात लावण्याआधी करा.

हूड आटतं म्हणजे नेमकं काय होतं?

महिंद्राने १९४७ साली भारतात विलिज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा हूड म्हणजे जाड सुती कॅनव्हास. पुढे रेक्झिनसारखी प्लास्टिकचा थर दिलेली कापडं आली. एमएम ५४०, मेजर, कमांडर अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये थार आली आणि २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार, तीही सॉफ्ट टॉपच्या पर्यायासह. म्हणजे तुमच्या दारात तीस वर्षं जुनी जीपही येणार आणि नवी थारही येणार. कापड ओळखता आलं पाहिजे, कारण दोन्ही कापडं वेगळ्या कारणाने आटतात.

रेक्झिनमध्ये आत विणलेलं कापड आणि वर पीव्हीसीचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ ठेवण्यासाठी तेलकट रसायन मिसळलेलं असतं. ऊन आणि उष्णतेने ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, मग थर आकसतो आणि ताठ होतो. हूड गाडीवर ताणलेलं असेल तर फ्रेम त्याला धरून ठेवते. घडी करून ठेवलं की धरणारं कुणी नसतं, ते मोकळेपणाने आकसतं. थंडीत तर अजूनच आखडतं.

सुती कॅनव्हासची गोष्ट वेगळी. बाजेची सुतळी पावसात भिजली की कशी टणटणीत होते, बघितलंय ना? दोरा पाणी पिऊन फुगतो आणि लांबीला कमी होतो. कॅनव्हासही ओलं असताना ताणलं जातं आणि वाळल्यावर थोडं सैल पडतं. पण नवं कापड पहिल्यांदा भिजून वाळलं की काही प्रमाणात कायमचं आटतं. म्हणून तर टेलर ब्लाउजचं अस्तर आधी भिजवून, वाळवून मग कापतो. कॅनव्हासचं नवीन हूड शिवणार असाल तर हाच नियम पाळा.

माप पहिलं: फ्रेमचं

इथंच बहुतेक जण फसतात. हूड बसत नाही म्हणजे हूडच आटलं, असं धरून चालू नका. जुन्या जीपच्या पुढच्या काचेची चौकट बिजागरीत सैल होऊन पुढे झुकलेली असू शकते. मागचा पाईप कुठंतरी धडकून वाकलेला असू शकतो.

टेप घ्या. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घ्या, मग उजव्यापासून डाव्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. फरक असेल तर फ्रेम तिरकी आहे. माप सारखं असेल पण पुढची चौकट झुकलेली दिसली, तर आधी तिचे बोल्ट बघा.

एक उदाहरण देतो. आमच्याकडं एका ऊसतोड मुकादमाची जुनी कमांडर आली होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला नवीन हूडचा भाव सांगितला होता. पट्टा पडला की कारखान्यावरून परतलेल्या माणसांकडं पैसा असतो, पण त्यातच उचल फेडायची, पेरणी करायची आणि पोराची फीही भरायची. आम्ही तिरपं माप घेतलं तर फरक इंचभर निघाला. वेल्डिंगवाल्याकडून पाईप सरळ करून घेतला, हूड उन्हात तापवलं, बसलं. नवीन हूडच्या मानाने बिल अगदी किरकोळ झालं. पण त्याच पावसाळ्यात त्याच्या ओळखीच्या तीन गाड्या आमच्याकडं आल्या, त्यातल्या एकीला खरंच नवीन हूड लागलं. जाहिरात काहीच केली नव्हती.

माप दुसरं: किती कमी पडतंय?

हूड फ्रेमवर सैल पसरा. पुढची कड तिच्या जागी अडकवा आणि मागे किती कमी पडतं ते खडूने खूण करून मोजा. दोन्ही बाजूंनी आणि मध्ये, असं तीन ठिकाणी मोजा. आमच्या दुकानातला ठोकताळा असा आहे:

एक इंचापर्यंत कमी असेल तर तापवून बसतं. एक ते अडीच इंच कमी असेल तर पट्टी जोडावी लागते. त्याहून जास्त असेल तर नवीन हूडचं बोलणं करा.

माप तिसरं: कापडात जीव किती?

एक कोपरा दुमडा आणि घडीवर नखाने दाबा. पांढरी रेघ उमटली, थराला भेगा पडल्या किंवा आतले धागे दिसले, तर ते कापड ताण सोसणार नाही. शिलाईजवळ दोन्ही हातांनी हलकं ओढून बघा. दोरा कुजला असेल आणि कापड चांगलं असेल तर फक्त शिलाई नव्याने मारून काम होतं. पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या, कडक झाल्या असतील तर त्या थंड असताना दुमडू नका, तडकतात.

आता बसवायचं कसं?

रेक्झिनचं हूड असेल तर सकाळी आठ वाजता हात लावू नका. अमेरिकेत जीपचे सॉफ्ट टॉप बनवणारे साधारण २२ अंशांपेक्षा जास्त तापमानात बसवायला सांगतात. आपल्याकडं हे तापमान फुकट मिळतं! हूड स्वच्छ पुसा, स्वच्छ जागेवर सपाट पसरा आणि दुपारच्या उन्हात तासभर राहू द्या. हाताला मऊ लागलं की गाडीवर घ्या.

१. चेनवाल्या खिडक्या आधी काढून ठेवा.
२. पुढची कड काचेच्या चौकटीवर पूर्ण बसवा. ही कड वाकडी बसली तर मागचं काहीच जुळत नाही.
३. मागची बाजू मधून धरा, मग एकदा डावं आणि एकदा उजवं असं कोपऱ्याकडे जा. एका बाजूची सगळी बटणं लावून मग दुसरीकडे वळू नका.
४. शेवटची अवघड बटणं त्याच दिवशी लावायचा हट्ट धरू नका. हूड ताणलेल्या अवस्थेत रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन लागलं की उरलेली बटणं लावा.
५. चेन सगळ्यात शेवटी. एकाने दोन्ही पाती जवळ आणून धरायची, दुसऱ्याने सरकवायची. चेनला ताण सोसायला लावाल तर चेनच जाईल. दातांवर थोडं मेण घासा.

आभाळ असेल तर हीट गन वापरा, पण एका जागी धरू नका, फिरवत राहा. हाताला सोसेल एवढंच गरम. पारदर्शक प्लास्टिकपासून लांब ठेवा. गॅसची ज्योत, उकळतं पाणी, रॉकेल, थिनर, पेट्रोल यातलं काहीही नको. "माझ्या ओळखीचा एक जण करतो" असं कुणी सांगितलं तरी नको.

कॅनव्हास मात्र खडखडीत वाळवूनच बसवा आणि फार ताणू नका. पहिल्या पावसात ते स्वतःच ताणलं जाणार आहे. आधीच तंग बसवलं तर शिलाई उसवेल.

पट्टी जोडायची वेळ आली तर ती मागच्या कडेला जोडा, पुढे नको. धावत्या गाडीत वारा आणि पावसाचा मारा पुढच्या कडेवर जास्त असतो. त्याच जाडीचं कापड घ्या, पॉलिएस्टरचा दोरा वापरा, दुहेरी शिलाई मारा आणि वरचं कापड खालच्यावर असं चढवा की पाणी आत न जाता ओघळून जाईल. कौलं कशी एकावर एक बसवतात, तसं.

भाव कसा काढायचा?

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय, तुमचे तुम्ही टाका. समजा दुकानभाडं ६,०००, वीज २,०००, मदतनीस १०,००० आणि तुमचा स्वतःचा पगार १८,०००. एकूण ३६,००० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाला १,४४०. दिवसात खरं काम सहा तास होतं. म्हणजे तुमच्या दुकानाचा एक तास २४० रुपयांचा आहे.

तापवून बसवायला प्रत्यक्ष दोन तास लागतात (हूड उन्हात असताना तुम्ही दुसरं काम करता). ४८० रुपये झाले. त्यावर २५ टक्के नफा धरा, ६०० रुपये. पट्टी जोडायला पाच तास, म्हणजे १,२०० आणि सामान ३००, असे १,५००. त्यावर २५ टक्के, १,८७५ रुपये. आता सांगा, "जरा बसवून द्या" हे फुकटात परवडतं का?

आणि मोजून सांगण्याचेही थोडे पैसे घ्या. गिऱ्हाइकाने काम दिलं तर ते बिलातून वजा करा. तुमचं ज्ञान हाही माल आहे.

हात लावण्याआधीची पावती

मोबाईलवर हूडचे चार फोटो काढा. पावतीवर लिहा: "हूड जुनं आहे. ताणताना फाटण्याची शक्यता मालकाला सांगितली आहे." खाली त्याची सही घ्या. लाजू नका. सही मागितल्यावर चांगलं गिऱ्हाईक रागावत नाही, उलट त्याला कळतं की इथं काम नीट होतं. नखाच्या चाचणीत नापास झालेलं हूड मालकाने कितीही आग्रह केला तरी ताणू नका.

कधी कधी गिऱ्हाईक म्हणेल, "जाऊ द्या हे हूड, कायमचा फायबरचा टप टाका." तेव्हा त्याला आधी आरटीओत विचारायला सांगा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. तुम्ही लावून द्याल आणि दंड तो भरेल, मग नाव तुमचंच खराब होईल.

तुमचा गृहपाठ

टेलरिंग येत असेल तर या कामाला लागणारी हत्यारं थोडी आहेत: टेप, खडू, टिच बटणाचा पंच, आयलेटचा साचा, हीट गन आणि जाड कापड शिवणारं मशीन. मशीन पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. जाड शिलाई ओळखीच्या कुशनवाल्याकडून मजुरीवर करून घ्या, काम वाढलं की मग घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या उघड्या जीपा मोजा. मालकाला विचारा, "हूड कुठं ठेवलंय?" आणि सांगा की ते घडी करू नका, सावलीत गुंडाळून ठेवा, मध्ये जुनी चादर घाला. हा सल्ला फुकट द्या. मृग निघाला आणि चेन मिटली नाही, की तो माणूस टेप घेऊन आधी कुणाला बोलावेल, याचा विचार करा.

भेटू पुढच्या लेखात. मेहनत करा, हिशोब ठेवा!