वेबसाइटची किल्ली कोणाकडे?

बँकेतून गटाचे पैसे काढायचे तर बहुतेक गटांत अध्यक्षा, सचिव आणि खजिनदार यांच्यापैकी दोघींच्या सह्या लागतात. एकटीला पैसे काढता येत नाहीत, आणि याचं कुणाला वाईटही वाटत नाही. आपल्या भागाला सहीची किंमत चांगली ठाऊक आहे. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि १९९७ साली बँक उभी राहिली.

आता सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, माणची घोंगडी वेबसाइटवरून विकता येते. ही वेबसाइट बहुतेक वेळा गटातल्या कुणाच्या तरी शिकलेल्या लेकीने किंवा भाच्याने करून दिलेली असते. एक नाव, एक पासवर्ड, तोच रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलेला, आणि सगळ्या त्याच एका नावाने आत जातात. एके दिवशी बेदाण्याचा दर चुकीचा पडतो. कुणी बदलला? सांगता येत नाही. लेक लग्न होऊन पुण्याला जाते, मोबाइल नंबर बदलते, आणि ओटीपी येणारा नंबरच बंद पडतो. मग दुकान गटाचं, पण कुलूप कुणालाच उघडत नाही.

यावर उपाय वेबसाइट बनवण्याच्या साधनातच असतो. जिला जेवढं काम, तिला तेवढाच अधिकार. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन तुम्हाला माहीत आहे, तसंच हे. फक्त इथे पायऱ्या जास्त. सगळ्यात जास्त वापरात असलेलं वर्डप्रेस घेऊ. त्यात मुळात पाच पायऱ्या असतात. सबस्क्राइबर फक्त स्वतःची माहिती पाहते. कॉन्ट्रिब्युटर मजकूर लिहिते, पण तो स्वतः प्रसिद्ध करू शकत नाही. ऑथर स्वतःचं लिखाण प्रसिद्ध करते. एडिटर सगळ्यांचं तपासते, दुरुस्त करते. आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या हातात सगळं: कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं तेसुद्धा.

नवीन मुलीला आम्ही कॉन्ट्रिब्युटर करायला सांगतो. एक अडचण येते. कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाही, म्हणून कंटाळून तिला ऑथर करून टाकतात, आणि मग तपासणी राहूनच जाते. त्यापेक्षा फोटो एडिटर ताईंनी चढवावेत. तपासणी कशासाठी, तर सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते मानांकन आपल्या पाकिटावर मिरवायचं तर त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. हौसेने कुणी तसं लिहून टाकलं, तर जबाब गटाला द्यावा लागेल. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबरही एकदा दुसऱ्या डोळ्याने वाचलेला बरा.

पैशाचं मात्र नीट ऐका. वर्डप्रेसवर दुकान चालवायला वूकॉमर्स जोडतात, आणि त्यात शॉप मॅनेजर नावाची आणखी एक पायरी येते. नावावरून वाटतं, ऑर्डरी बघणारी बाई. पण तिला दुकानाच्या सेटिंगही उघडतात, म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे भरायला जो खाते नंबर दिसतो तो बदलण्याची जागासुद्धा. एक आकडा बदलला की पैसे दुसरीकडे. म्हणून हा अधिकार खजिनदाराला द्यावा, आणि तोही गटाच्या ठरावाने. पाकिटं भरणाऱ्या मैत्रिणीला वेबसाइटच्या आत जायची गरजच नाही. तिला रोजची ऑर्डरींची यादी फोनवर पाठवली की झालं. खाते नंबर परस्पर बदललेला दिसला आणि पैसे गेले, तर वाट न बघता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

ॲडमिनिस्ट्रेटर दोघी असाव्यात. एक नको, कारण ती आजारी पडली की सगळं अडतं. पाचही नकोत. प्रत्येकीचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, ईमेल स्वतःचा. पासवर्ड विसरला तर नवीन करण्याची लिंक त्याच ईमेलवर येते. आणि वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, मुलीच्या नाही तर गटाच्या ईमेलवर नोंदवलेलं हवं. त्याचं भाडं मुदतीत भरावं लागतं, आणि आठवण त्याच ईमेलवर येते.

कुणी गट सोडला तर तिचं नाव त्याच आठवड्यात काढा. काढताना वर्डप्रेस विचारतं, हिचं लिखाणही पुसायचं की दुसरीच्या नावे करायचं? घाईत पुसायचं निवडलं तर तिने दोन वर्षं लिहिलेली पानंही जातात. दुसरीच्या नावे करा.

पुढच्या मासिक सभेत प्रोसिडिंगमध्ये एवढं लिहून घ्या: कुणाला कुठली पायरी, कुठल्या तारखेपासून. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका.