जे मोडायचं तेच मोडावं

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या काळ्या रानात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. वेचलेला माल जिनिंगला गेला की सरकी वेगळी, रुई वेगळी होते आणि रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ आणि शेजारी किनवट. या साऱ्या कापूसपट्ट्यात डबल रोलर जिनचा खडखडाट ओळखीचा आहे. या जिनमध्ये चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ मिनिटाला सुमारे १०० फेरे घेतात आणि हलती सुरी, म्हणजे बीटर, मिनिटाला हजाराच्या आसपास झोके खाते. हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. ऐन आवकेत एखादं बेअरिंग गेलं की जिन थांबते आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या तुंबतात. जुना फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला, म्हणजे बेअरिंगच्या घराला टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि सांगतो, ‘आवाज करतंय.’ पण ते अजून किती दिवस काढेल, हे त्याला सांगता येत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी एक वेगळं यंत्र बांधावं लागतं. कारखान्यात त्याला टेस्ट रिग म्हणतात.

रचना ऐकायला सोपी आहे: एक मोटर, एक शाफ्ट, त्यावर चाचणीचं बेअरिंग आणि त्याच्यावर भार. अवघड आहे ती अट. या यंत्रात बाकी सगळं टिकलं पाहिजे आणि ठरवलेलं एकच बेअरिंग ठरवलेल्या कारणानेच मोडलं पाहिजे. आराखड्यातला प्रत्येक निर्णय या अटीतून निघतो.

बेअरिंगच्या इतिहासातला एक मोठा शोधही सुताच्या धंद्यातच लागला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा अभियंता यंत्रांची देखभाल पाहत असे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची होती. ती खचली की इमारत हले, छताखालचे लांब शाफ्ट सरळ रेषेतून ढळत आणि बेअरिंगं पटापट खराब होत. १९०७ मध्ये त्याने छर्ऱ्यांच्या दोन ओळींचं असं बेअरिंग काढलं, की शाफ्ट थोडा तिरका झाला तरी ते स्वतःला जुळवून घेई. त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. पुण्याजवळ चिंचवडला तिचा कारखाना १९६०च्या दशकात सुरू झाला.

पुढचा प्रश्न आयुष्याचा होता. एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी बनलेली बेअरिंगं एकाच भाराखाली वेगवेगळ्या वेळी मोडतात. म्हणून एका बेअरिंगचं आयुष्य सांगण्याऐवजी शंभरातली नव्वद किती फेरे पार करतील, ते सांगायची पद्धत पडली. लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ मध्ये त्यामागचा सिद्धांत मांडला आणि आजचं आंतरराष्ट्रीय मानकही त्यावरच उभं आहे. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा हिशेब असा: बेअरिंगच्या क्षमतेला भाराने भागा आणि येणाऱ्या आकड्याचा घन करा. उत्तर दशलक्ष फेऱ्यांमध्ये मिळतं.

कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग घेऊ. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, छर्रे नऊ, क्षमता सुमारे १४ किलोन्यूटन. १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १०० किलोच्या भाराखाली ते मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरवलं, तर हिशेबाने सुमारे ३०,५०० तास चालेल. म्हणजे अखंड साडेतीन वर्षं. एवढं थांबायला कोणाला सवड आहे? भार पाचपट करा, आयुष्य १२५ पटींनी घटतं आणि हिशेब २४४ तासांवर, दहा दिवसांवर येतो. रिगचा सगळा व्यवहार या घनावर चालतो. पण भार क्षमतेच्या निम्म्यापलीकडे नेला, की हा हिशेबच लागू राहत नाही. मोड लवकर होते, पण ती वेगळ्याच जातीची असते.

आता आराखडा. चाचणीचं बेअरिंग शाफ्टच्या बाहेर काढलेल्या टोकावर बसवलं तर बदलायला सोपं जातं, मात्र शाफ्टला आधार देणाऱ्या दोन बेअरिंगांना त्याची किंमत मोजावी लागते. आधारांमधलं अंतर २०० मिलिमीटर आणि बाहेर आलेला भाग ६० असेल, तर टोकावरचे ५ किलोन्यूटन जवळच्या आधारावर साडेसहा होऊन पडतात. म्हणजे आधाराचं बेअरिंग चाचणीच्या बेअरिंगपेक्षा जास्त ओझं उचलतं. तिथे ६२१० बसवलं, तर त्याची क्षमता सुमारे ३५ किलोन्यूटन असल्यामुळे ते हिशेबाने सातपट टिकतं. मोठ्या संख्येने चाचण्या घ्यायच्या असतील तर तिथे रोलर बेअरिंगच घालणं शहाणपणाचं.

शाफ्ट तापला की लांब होतो. ३०० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट ४० अंशांनी तापला तर सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढतो. साध्या ६२०५ मध्ये छर्ऱ्यांना त्रिज्येच्या दिशेने मोकळीक ५ ते २० मायक्रॉनचीच असते. म्हणून एका आधाराचं बेअरिंग दोन्ही अंगांनी पक्कं धरतात आणि दुसरं हाऊसिंगमध्ये सरकतं ठेवतात. दोन्ही पक्की केली, तर वाढणारा शाफ्ट आधारांनाच चेपतो आणि आपण न मागितलेली मोड आधी होते.

बसवणुकीचाही असाच कस लागतो. भार एका जागी स्थिर आणि शाफ्ट फिरता असेल तर आतली कडी शाफ्टवर घट्ट हवी, नाहीतर ती शाफ्टवर हळूहळू सरकत राहते आणि दोन्ही झिजतात. २५ मिलिमीटरच्या शाफ्टची ती जागा २ ते ११ मायक्रॉन जास्तीची घासतात. हे लेथचं काम नाही, ग्राइंडिंगचं आहे. नंतर डायल गेज लावून रनआऊट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डोलतो ते पाहायचं आणि मोटर व शाफ्टचं अलाइनमेंट जुळवून मगच कपलिंग आवळायचं.

भार द्यायला बोल्ट आवळता येतो, पण यंत्र तापलं की बोल्टचा ताण बदलतो. तरफेला वजन टांगलं तर ते उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखंच राहतं. १:१० च्या तरफेवर ५१ किलोचं वजन पुरतं. वीज गेली तरी भार हलत नाही, ही आपल्याकडची मोठी सोय.

शाफ्टला स्वतःची एक लय असते. त्या वेगाला पोचला की तो थरथरू लागतो. शाफ्ट त्यावरच्या वजनाने ०.०१ मिलिमीटर झुकत असेल, तर हा वेग मिनिटाला सुमारे ९,५०० फेऱ्यांच्या आसपास पडतो. १,५०० वर चालणाऱ्या रिगला तो दूर आहे. झुकाव चौपट झाला की हा वेग निम्मा होतो, म्हणून शाफ्ट आखूड आणि जाड ठेवतात.

मोजमाप कंपनमापकाने होतं. १,५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. ६२०५च्या बाहेरच्या कडीवर खड्डा पडला की छर्रे त्यावरून एका फेऱ्यात ३.५८५ वेळा जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे ९० ठोके. आतल्या कडीवर ५.४१५ वेळा, म्हणजे सुमारे १३५. दोन्ही आकड्यांची बेरीज बरोबर नऊ येते, कारण छर्रे नऊ आहेत. फिटरच्या कानाला जो एक आवाज वाटतो, तो आलेखात असा सुटा होतो आणि कुठली कडी गेली ते हाऊसिंग न खोलता कळतं.

अशा रिगा जगभर आहेत. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न विद्यापीठाने बेअरिंगांत ठिणगीयंत्राने बारीक खड्डे पाडून त्यांची कंपनं नोंदवली. सिनसिनाटी विद्यापीठाच्या रिगमध्ये एका शाफ्टवर चार बेअरिंगं मिनिटाला २,००० फेऱ्यांनी, ६,००० पौंडांच्या भाराखाली चालवली. तेलाच्या परतीच्या नळीत चुंबक बसवलं होतं. त्यावर धातूचा कीस साचू लागला की शेवट जवळ आल्याचं कळे. या दोन्हींच्या नोंदी खुल्या आहेत आणि भारतातले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही त्यांवर अभ्यास करतात.

पण त्या नोंदींत कापूस नाही. तिथलं बेअरिंग मुद्दाम खड्डा पाडलेलं असतं, नाहीतर स्वच्छ तेलात, सरळ शाफ्टवर, धातूच्या थकव्याने मरतं. जिनिंगमध्ये थकव्यापर्यंत पोचायला त्याला सवडच कुठे मिळते? हवेत रुईचे तंतू आणि बारीक माती असते, ग्रीस भरताना बोटाबरोबर धूळ आत जाते, घाईत बसवताना हातोडा बाहेरच्या कडीवर पडतो. बीटरच्या शाफ्टचं बेअरिंग पूर्ण फेरा घेतच नाही, थोड्याशा कोनात पुढे-मागे झुलत राहतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत नाही. शिवाय पावसाळाभर जिन बंद. ओल आत शिरते आणि छर्रे जिथे टेकलेले, तिथे कडीवर ठरावीक अंतरावर गंजाचे डाग उमटतात. पुढच्या हंगामात खड्डे तिथूनच सुरू होतात.

म्हणून या पट्ट्यासाठी रिग बांधायची तर सुरुवात जिनिंगच्या भंगारातून करावी. मोडलेली बेअरिंगं कापून कडीवरची छर्ऱ्यांची धावपट्टी पाहिली की कारण सापडतं. छर्ऱ्यांची वाट तिरकी असेल तर शाफ्ट तिरका होता. पट्टी सगळीकडे मळकट, निस्तेज असेल तर धूळ गेली होती. निळा-तपकिरी रंग आला असेल तर ग्रीस संपलं होतं. पापुद्रे सुटून खड्डा पडला असेल तरच थकव्याचा संशय घ्यावा. कोणतं कारण किती वेळा दिसतं, त्यावरून रिगला काय जोडायचं ते ठरेल: तिरकेपणासाठी आधाराखाली पातळ पत्र्या, धुळीसाठी बंद पेटी, झोक्यासाठी मोटर आणि शाफ्ट यांच्यामध्ये क्रॅंक.

हे काम करण्याजोगी संस्था आपल्याकडे आहे. कापूस तंत्रज्ञानाची मुंबईतल्या माटुंग्याची प्रयोगशाळा १९२४ पासून चालते आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. जिनिंगवाल्यांनी भंगार विकण्याआधी प्रत्येक बेअरिंगला चिठ्ठी बांधावी: कुठल्या जिनचं, कुठल्या टोकाचं, कधी बसवलं, कधी काढलं. या चार नोंदींशिवाय बांधलेली रिग कितीही अचूक असली, तरी ती दुसऱ्याच कुणाच्या बेअरिंगचं आयुष्य मोजत बसेल.